बादलीतले चेंडू

आमच्या साखर कारखान्याच्या वस्तीत पोरगा जन्मला की बाप त्याला बेसबॉलचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू, ठरवून मोकळा होतो. परदेशी क्लबवाले आधी तीच जागा बघतात ना! पण तिथून पहिल्या बेसपर्यंत फेक लांब पडते. माझ्या नवऱ्याचा, एवारिस्तोचा हात पुरत नव्हता, म्हणून त्याच्या बापाने चेंडू पाण्यात भिजवून जड केले आणि त्याच्याकडून फेकून घेतले. सोळाव्या वर्षी कोपर कायमचं गेलं. अजून त्याच्या शर्टाची वरची बटणं मीच लावते.

आता तो पोरांना बेसबॉल शिकवतो. फेकीचं अंतर हळूहळू वाढवतो. ज्याचा हात पुरत नाही, त्याला दुसऱ्या बेसवर पाठवतो, कारण तिथून फेक जवळची.

काल त्याने बारा वर्षांच्या देर्लिनला तिकडे हलवलं. पोराचा बाप फाउस्तो तरातरा मैदानात आला.

"मास्तर, माझ्या पोराचं नशीब बुडवता काय?"

"हात कोवळा आहे रे. वर्षभर थांब."

"तुमचं कोपर गेलं म्हणून सगळ्यांचं जाईल?"

एवारिस्तो पुन्हा पोरांकडे वळला. मी मात्र रात्रभर धुसफुसत होते.

सकाळी पाव आणायला निघाले, तर फाउस्तोच्या दारात बादली, आणि तिच्यात चेंडू भिजत पडलेले. मी लाथ मारून ती उलटी केली. आवाज ऐकून देर्लिन बाहेर आला. त्याने चेंडू गोळा केले आणि बादली पुन्हा नळाखाली ठेवली.

"काकू, मास्तरांना सांगू नका हं."

सगळे चेंडू त्याने डाव्या हाताने उचलले. उजवा पोटाशी धरला होता.