उदगीरला गेलेला डबा

डब्याचं झाकण लावलं की आजी त्यावर मुठीने दोनदा ठोकायची आणि डब्यालाच बजावायची, "जा बाबा, लेकराच्या पोटात जा."

तुम्ही लातूरचे असाल तर अशा आज्या तुम्हीही पाहिल्या असतील. नातवंडं डॉक्टर व्हायला क्लासला येतात आणि त्यांच्यामागे गॅसची शेगडी घेऊन आजी येते. आमच्या मागच्या खोलीत नातीसोबत राहिलेली ही आजी किनवटकडच्या एका खेड्यातली.

नवरा तरुणपणीच गेलेला. मुलगा हिमायतनगरला शिकायला होता, तेव्हा रोज पहाटे भाकरी थापून ती डबा पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची आणि मग खुरपं घेऊन शेतात जायची. पाच वर्षांत एक दिवस खाडा नाही.

ती सवय हाडात मुरलेली. लातूरला आल्यावर तिसऱ्याच दिवशी नात डबा विसरून क्लासला गेली. आजीने हमरस्त्यावर हात करून एसटी थांबवली आणि "क्लासवर माझ्या पोरीला द्या" म्हणून डबा वर दिला. ड्रायव्हरही कुठल्या तरी खेड्यातलाच असणार, त्याने तो घेतला! गाडी उदगीरची. क्लास चार गल्ल्या पलीकडे. संध्याकाळी तोच ड्रायव्हर त्याच जागी डबा परत देऊन गेला, रिकामा आणि स्वच्छ धुतलेला.

मी हसून हसून बेजार. आजी गंभीर. म्हणाली, "हसतीस काय, बाई? कुण्या तरी मायच्या लेकरानंच खाल्लं न्हवं?"

पहिल्या वर्षी नातीला मार्क कमी पडले. आजीचा मुलगा, म्हणजे पोरीचा बाप, तिला न्यायला आला. गावाकडे स्थळ पाहून ठेवलं होतं. पोरगी कोपऱ्यात बसून रडत होती. आजी माझी तूर निवडत होती. रिकामं बसणं तिला ठाऊकच नव्हतं. तिने सूप खाली ठेवलं.

"धाव्वीत तू नापास झालास. तवा तुजा डबा बंद केला व्हता का म्या?"

"आई, तवाची गोष्ट येगळी."

"काय येगळी? तू पोरगा आन् ती पोरगी, यवढीच ना? जायचं तर जा एकटा. आमी दोघी हितंच हाव."

मुलगा चहा न घेताच गेला. पण पुढच्या महिन्यात ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन तोच दारात उभा राहिला.

दुसऱ्या वर्षी नातीला नांदेडच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. आजी गावी परतली. जाताना खोली इतकी लख्ख करून गेली की मला माझ्या स्वयंपाकघराची लाज वाटली. नातीच्या अभ्यासात खोळंबा नको म्हणून ती रोज सकाळी फोन करायची तो मला; नात दुपारी मला जे सांगायची, ते मी तिला सांगायची. "पोरगी काय म्हणून राहिली? जेवून राहिली का नीट?"

या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला, तो मुलाचा. दोन दिवसांच्या तापात आजी गेली होती. नातीची परीक्षा चालू होती.

"आईनं शपथ घातली, ताई. पेपर सरल्याबिगर पोरीला सांगायचं न्हाई म्हणली."

मला ते पटलं नाही. अजूनही पूर्ण पटत नाही. एवढी माया आणि एवढा हट्ट एकाच बाईत मी दुसरीकडे पाहिला नाही.

दुपारी नातीचा फोन आला. "काकू, आजी फोन का उचलत नाही?"

"शेतात गेली असेल," मी म्हणाले.

"मग तिचा फोन आला की सांगा, आजचा पेपर सोपा गेला. आता एकच राहिलाय."