घाटातल्या जाळीची तार

त्या घाटावरून एसटी गेली की बंजारा तांड्याचा तो म्हातारा नाईक आजही आठवतो आणि माझी मान आपोआप लवते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी पांढरकवड्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. कड्यावरून सुटणारे दगड रस्त्यावर येऊ नयेत म्हणून बांधकाम खात्यानं घाटात तारेच्या जाळ्यांमध्ये दगड भरून जाड भिंत उभी केली होती. पावसाळ्यात कुणीतरी एका ठिकाणची जाळी कापून नेली. भिंत ढासळली आणि त्या खिंडारातून आलेल्या धोंड्याखाली बाजाराला निघालेल्या एका शेतकऱ्याचा बैल जागीच मेला.

तार वरच्या बंजारा तांड्यानं चोरली, अशी खबर त्या शेतकऱ्यानंच दिली. इंग्रजांच्या जुन्या कायद्यानं तांड्यांवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का पुसून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हा आळ चिकटला असता तर तांड्यातल्या माणसाला बाजारात कुणी उभं केलं नसतं.

मी तांड्याच्या नाईकाला, म्हणजे त्यांच्या मुखियाला, चौकशीसाठी बोलावलं. उलटसुलट विचारलं, दरडावलंही. म्हातारा चिडला नाही, त्यानं गयावयाही केली नाही.

"साहेब, आमचे बापदादे बैलायवर मीठ लादून याच घाटानं गेले," तो म्हणाला. "अवघड वळणावर जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा, हे आमची रीत हाय. तिथला दगड आमी कायले पाडू?"

रीत काही कोर्टात चालत नाही. तांड्याची झडती घेतली, काही निघालं नाही. मग घाटाखालची वावरं पालथी घातली. भुईमुगाच्या एका वावराच्या कुंपणाची तार ठोकून सरळ केलेली होती, तरी सारख्या अंतरावर जाळीची मुरड तिच्यात राहिलीच होती. ते वावर निघालं बैल गमावलेल्या त्याच शेतकऱ्याचं.

ठाण्यात तार समोर ठेवली तसं त्यानं कबूल केलं.

"डुकरं पीक ठेवत नव्हते, साहेब. मले वाटलं, तार काढली तरी दगड थोडेच हालते. माह्याच हातानं माहा बैल गेला."

 आपली चोरी झाकायला लोकांना चटकन पटेल असं तांड्याचं नाव त्यानं घेतलं होतं, आणि याचा मला फार राग आला.

पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला, तो जामिनावर सुटला. नवी जाळी यायला वेळ होता. पुढच्या बाजाराला बंदोबस्तासाठी घाटात गेलो, तर तांड्यातली माणसं खिंडारात एकेक दगड रचून पुढे जात होती. डोक्यावर ओझं असलेल्या बायाही थांबत होत्या. नाईक बाजूला उभा होता. तेवढ्यात तो शेतकरी पायी आला आणि मान खाली घालून निघून जाऊ लागला. नाईकानं त्याला हाक मारली. आता जुंपणार, असं वाटून मी पुढे सरकलो.

नाईकानं वाकून एक दगड उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"ठेव बाबा. रस्ता तुहाबी हाय."

आरोपीकडून गुन्हा वदवून घेणं मी नोकरीत शिकलो. पण खोटा आळ घेणाऱ्याला आपल्या रांगेत उभं करून घेणारा माणूस मला एकच भेटला. शेतकऱ्यानं रडत रडत तो दगड ठेवला. त्याच्यामागून मीही एक ठेवला.