ट्रंकेची झडती

बायको जाऊन चार महिने झाले. तिची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली तशीच पडून है. मी बजाजनगरात पोराकडं राहतो. सून रोज म्हणते, "मामा, आत्यांच्या साड्यांना कसर लागायच्या आधी काढून ठेवू." मी म्हणतो, उद्या. ट्रंकेला हात लावायची माझी हिंमत होत नाय. एकदा लावलेला है मी.

शाळा माझी चौथीपर्यंत. जसं आठवतं तसं लिहितो.

तवा मी शहरात एका बड्या घराण्याच्या बंगल्यावर ड्रायव्हर होतो. बायको तिथंच स्वयंपाकाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बंगल्यापुढं मोटारींची रांग लागायची. वकीलणबाई, डॉक्टरीणबाई, कारखानदाराची सून. त्या वर्षी बाईसाहेबांनी सासूची मोत्याची नथ घातली होती, चापाची. पाहुण्या गेल्या अन् नथ गायब. चहा पिताना टोचते म्हणून काढली, पण ठेवली कुठं ते बाईसाहेबांना आठवेना.

आता बड्या घरच्या बायांना विचारायचं कसं? अपमान होतो. आम्हाला विचारलं तर होत नाय. दिवाणजीनं माळ्याची पिशवी उलटी केली, माझ्या मोटारीच्या गाद्या उचलल्या, बायकोचा डबा उघडला. तिच्या पदरात ओटी होती. बाईसाहेब आपल्या हातानं सगळ्या सवाष्णींची ओटी भरायच्या, स्वयंपाकिणीचीबी. दिवाणजीनं तिकडं बोट केलं, तशा बाईसाहेब कडाडल्या, "भरल्या ओटीची झडती घेतात का कुणी? जाऊ दे तिला."

आम्ही घरी आलो. तिनं ती ओटी न सोडता फडक्यात बांधून देवापुढं ठेवली. शुक्रवारी तांदळाचा गोड भात करणार होती.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब तिळगुळाचं निमित्त काढून पाहुण्यांकडं निघाल्या. तीन घरं फिरलो. तिन्ही घरी निरोप देताना त्या घरच्या बाईचा एकच सवाल, "तुमची स्वयंपाकीण कुठली हो?" मी मोटारीचं दार धरून उभा. ती माझी बायको, हे त्या बायांना ठाऊक नव्हतं. येताना बाईसाहेब म्हणाल्या, "उद्यापर्यंत नाही मिळाली, तर पोलिसांत सांगावं लागेल."

रात्री बायकोला हे सगळं सांगितलं. अन् खरं सांगतो, तोच सवाल माझ्याबी डोक्यात शिरला. कुठली ही? काय केलं हिनं?

सकाळी ती नळावर गेली, तशी मी उशीखालची किल्ली घेतली अन् ट्रंक उघडली. पातळाच्या घड्या मोडल्या. तळाशी हात घालतोय, तर दारात ती. हातात भरलेली घागर.

"घ्या, घ्या. पोलीस घरातच है म्हणा की."

मी ट्रंकेतून हात काढला.

"सगळं बघितलं? मग हेबी बघा!" तिनं घागर टेकवली, देवापुढचं फडकं ओढलं, गाठ सोडली. तांदूळ सांडले, खण पडला, नारळ घरंगळत माझ्या पायाशी आला. शेंडीत काहीतरी चमकलं. नथ. चाप शेंडीच्या काथ्यात अडकलेला.

ती मागं सरली तशी घागर कलंडली.

"गादीखाली टाकतो," मी म्हणलं. "मोटारीत सापडली म्हणून सांगतो."

"अन् त्या मोटारीत बसलेल्या एखादीवर आळ घालता? नायतर सोताच अडकता? गाद्या तर दिवाणजीनं उचलून बघितल्यात."

तिनं नारळाला धक्का न लावता तसाच पदरात घेतला अन् बंगल्यावर गेली. मी मागं मागं. बाईसाहेबांनी चष्मा लावून शेंडी बघितली अन् कपाळाला हात लावला. "अगं बाई! नारळांच्या परातीतच ठेवली होती गं मी. नथीवर चष्मा शोभत नाही, म्हणून तो लावला नव्हता. माझ्याच हातानं तुझ्या ओटीत घातली."

दिवाणजी खाली बघत होता. बायको म्हणाली, "बाईसाहेब, जिथं जिथं माझं नाव निघालं, तिथं हे सांगा."

बाईसाहेब शब्दाला पक्क्या. संध्याकाळी तिन्ही घरी जाऊन स्वतःचा वेंधळेपणा सांगितला. मी दार धरून उभा होतो, सगळं ऐकलं.

तीन घरी निस्तरलं. चौथं घर माझं, ते राहिलं. चुकलं माझं, एवढं मला म्हणता आलं नाय. त्या दिवसापासून तिनं ट्रंकेला कुलूप लावलं नाय. चाळीस वर्षं कडी नुसतीच लोंबायची. माझ्यावर भरवसा म्हणून, का मला टोचावं म्हणून, विचारायचं धाडस झालं नाय. आता विचारू कुणाला?

आज सुनेला म्हणलं, "तूच काढ साड्या. मी बाहेर बसतो." का, म्हणाली. मग सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "माहीत है मामा. आत्यांनी सांगितलं होतं. लई हसत होत्या."

"कशी हसत होती?" मी विचारलं.

"हसत होत्या म्हणजे, हसत होत्या."

थोड्या वेळानं मी परत विचारलं.