खारूताईचं बांबूचं पाळणाघर

तुम्ही आत्ता ज्या भिंतीला टेकून हे वाचताय, ती बांधली जात असताना विटा पोचवणारी बाई कशावर उभी होती, आणि तिचं तान्हं तेव्हा कुठे होतं? नाही ना माहीत? वाटलंच मला.

ती उभी होती गवतावर. हो, गवतावरच! बांबू हे झाड नाहीच मुळी, गवत आहे, आणि हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, खारूताईने सांगितलं. बांधकामावर परांची, म्हणजे वर चढून काम करायचा बांबूचा सांगाडा, बांधणारी बाई. खांद्यावर सुंभाचं भेंडोळं, कमरेला कोयता, आणि बघता बघता वर! तिचं खरं नाव मुकादमालाही आठवत नसेल. सुरसुर चढते म्हणून खारूताई.

बांबूच्या ढिगाशी तिला उभी करा आणि गंमत बघा. कोयत्याच्या पाठीने एकेकाला टकटक करणार, कान लावणार, आणि निकाल देणार. "हा पोरगेला आहे. अजून गोडवा आहे अंगात, भुंगे पोखरतील. हा म्हातारा, चिरफाळेल. हा बघा, हा कामाचा गडी!" एकदा मला म्हणाली, "बाई, बांबूचा कोंब जमिनीतून डोकं काढतो ना, तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. पुढे नुसता उंच होतो. आपल्यासारखा आडवा सुटत नाही!" आणि माझ्या पोटाकडे बघून खी खी हसली. दुसऱ्या कुणी केली असती ही मस्करी तर मी सोडलं नसतं.

तर मागच्या वर्षी ती कामाला होती त्या साईटवर लोखंडी पाइप आले. पान्यांनी नट आवळायचे, झाली परांची. खारूताईला ठेकेदाराने वाळूच्या घमेल्यावर लावलं आणि तिचे बांबू कुंपणाशी फेकले. "सरपण करा त्यांचं," म्हणाला. ती घमेलं उचलायची आणि जाता-येता त्या ढिगाकडे बघायची. मला ते बघवेना.

मी बांधकामावरच्या बायांची संघटना चालवते, आणि त्याच साईटवर माझं भांडण चालू होतं पोरांवरून. बाया कामावर आल्या की रांगती पोरं कुठे? सिमेंटच्या पोत्यांच्या आडोशाला, पायाला दोरी बांधून खांबाला अडकवलेली! मी ठेकेदाराच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. "कायद्याने पाळणाघर द्यायला लागतं तुम्हाला. देताय, की सगळ्या बायांना घेऊन फाटकात बसू?"

"जागा देतो," तो म्हणाला, "मागचा कोपरा. पण बांधायला माझ्याकडे ना माणूस आहे ना माल."

मी बाहेर आले, घमेलं घेऊन चाललेल्या खारूताईला गाठलं आणि ढिगाकडे बोट दाखवलं. तिने घमेलं तिथेच ओतलं!

काय बांधलं म्हणता! बुडख्याकडचे जाड बांबू खांबांना, शेंड्याकडचे आढ्याला. उरलेले उभे चिरून भिंतींना ताट्या विणल्या. हात लावायला आली तिची धाकटी जाऊ. ती विटा उचलते. तिच्या माहेरी बांबूच्या खुर्च्या, टोपल्या, सुपं व्हायची, त्यामुळे तिचं तोंड आणि हात दोन्ही चालतात. पाळणा विणला तिने. दाणे भरून खुळखुळा केला. पोकळ बांबूची पन्हळ छपराला लावली. एका बांबूला भोकं पाडून शिट्टीसुद्धा!

"जाऊबाई, खांब तिरका वाटतोय हो," ती खालून ओरडायची.

"तुझी मान तिरकी आहे, धाकटे! कामाला लाग."

पहिल्या दिवशी पोरं आत आली, आणि मी तुम्हाला सांगते, माझ्यासारखीचे डोळे भरून आले. पायाला दोरी नाही! त्यात धाकटीची नात होती. एका जागी उभीच राहत नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी. ती गोल गोल फिरत खांबापाशी गेली. तिथे सुंभाचं एक शेपूट लोंबत होतं. तिने ते धरलं. ओढलं.

सर्रकन गाठ सुटली. आडवा बांबू घसरला आणि छपराची एक बाजू करकरत खाली यायला लागली!

खारूताई दारातच होती. तिने धाव घेऊन तो आडवा बांबू खांद्यावर झेलला, गुडघे वाकले तशी दात आवळून किंचाळली, "पोरं काढा!" आम्ही हाताला लागेल त्या पोराला उचलत सुटलो. धाकटीने भिंगरीला ओढून घेतलं. कुणाला खरचटलंही नाही. पण शेवटचं पोर बाहेर येईपर्यंत ही तशीच उभी होती, खांद्यावर अर्धं छप्पर घेऊन.

मग धाकटी फुटली. "सुरगाठ? पोरांच्या घराला सुरगाठ मारलीत? माझी नात मेली असती, जाऊबाई!"

खारूताईने त्या शेपटाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. चूक कशी झाली ते मला तेव्हा कळलं. परांची बांधायची ती उतरवण्यासाठी. इमारत झाली की एका झटक्यात गाठ सुटली पाहिजे, म्हणून प्रत्येक गाठीला शेपूट सोडायचं, तेही हाताला येईल असं. उभा जन्म हेच केलं तिने. परांचीवर कुणाचं रांगतं पोर येतं शेपूट ओढायला?

"मी हाताकडे बघतच नाही गं बांधताना," ती हळूच म्हणाली. "हात आपला आपण बांधतो. आजवर मला कुणी सांगितलंच नाही, की बांधलेलं हे कायमचं राहू दे म्हणून."

तेवढ्यात ठेकेदार आला. "बघितलं? बांबूचे खेळ पुरे झाले. उद्या दुपारपर्यंत हे हटवा. नाहीतर माझी माणसं हटवतील, आणि पाळणाघराचं नाव पुन्हा काढायचं नाही."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या अंगावर जाणार, तर खारूताईने माझा हात धरला. "बाई, भांडण नंतर. दुपारपर्यंत म्हणालाय ना तो?" आणि उठून ती गेली सरळ धाकटीसमोर. या बाईला मी मुकादमासमोर मान वाकवताना पाहिलेलं नाही. ती धाकटीला म्हणाली, "तुझ्या माहेरी खुर्चीचा पाय कसा बसवतात? शिकव."

धाकटी भिंगरीला घट्ट धरून होती. "आणि नाही शिकवलं तर?"

"तर भिंगरी उद्या पुन्हा खांबाला बांधलेली असेल."

 धाकटीने भिंगरी माझ्या कडेवर टाकली. "विस्तव करा. आणि सळई आणा, बारकी!"

अहो, काय धमाल उडाली! साईटवर सळयांना काय तोटा? लालबुंद सळई बांबूत घातली की चर्रर्र, धूर, जळक्या साखरेसारखा वास. आरपार भोक पडायचं, त्यात वाळक्या बांबूची खुंटी ठोकायची, आणि वरून भिजवलेल्या बांबूच्या पट्ट्या आवळायच्या. वाळल्या की त्या आणखी आवळत जातात. खारूताईने पहिलं भोक घाईत पाडलं आणि बांबू तडकला.

"पेराजवळ पाडा, पेराजवळ!" धाकटी ओरडली. "दोन पेरांच्या मध्ये पाडलं की फाटतो तो. एवढं चढता-उतरता, पेर दिसत नाही तुम्हाला?"

"मी पेरावर पाय ठेवते गं, भोक नाही पाडत!"

"मग आता पाडा. आणि तोंड मिटून पाडा!"

मुकाट्याने पाडलं. अंधार पडेपर्यंत आणि उजाडल्या उजाडल्या पुन्हा. घमेलेवाल्या खुंट्या तासत होत्या. सुतार स्वतःहून पटाशी घेऊन आला. लोखंडी पाइपवाली पोरंसुद्धा आढं धरायला आली. दर खुंटी ठोकल्यावर खारूताई सुंभाचं शेपूट शोधायला हात न्यायची, सवयीने, आणि स्वतःच्याच हातावर चापट मारायची. आम्ही हसून हसून बेजार!

दुपारी ठेकेदार माणसं घेऊन आला. खारूताई दारात आडवी. "हटवायचंय? आधी हलवून दाखवा." मुकादमाचं वजन तुम्हाला काय सांगू! तो दोन्ही हातांनी आडव्या बांबूला लोंबकळला, पाय वर घेतले, झोके घेतले. करकरलंसुद्धा नाही. मग ठेकेदाराच्या माणसांनी खांब ढकलला. सगळ्यांनी मिळून. ढिम्म!

पण खारूताईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती बघत होती धाकटीकडे.

धाकटी आत गेली. एकेक खुंटी अंगठ्याने दाबली, पट्ट्या नखाने उचकून पाहिल्या. खालच्या बाजूला हात फिरवून कुठे काही लोंबतंय का ते तपासलं.  मग बाहेर आली, माझ्या कडेवरून भिंगरीला घेतलं आणि आत नेऊन खाली सोडलं. म्हणाली, "जाऊबाई, राहील हे."

खारूताईने बाईमाणसाला शोभणार नाही अशी शीळ घातली आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला! ठेकेदार केबिनकडे वळला, तो मी मागे गेलेच. "लिहून द्या. इमारत पुरी होईपर्यंत याला हात लावणार नाही." दिलं. न देऊन सांगतो कुणाला? ते पाळणाघर आजही उभं आहे. खारूताई घमेलं उचलत नाही आता. दुसऱ्या साईटवरचं पाळणाघर बांधते आहे, धाकटीला सोबत घेऊन, दिवसभर भांडत.

तुमच्या गल्लीतही इमारत उठत असेलच. उद्या जाताना फाटकातून आत शिरा, थेट मागच्या बाजूला जा, आणि पोरं कुठे ठेवलीत ते बघा. पायाला दोरी दिसली, तर गप्प बसू नका. ठेकेदाराकडून एक कोपरा मागून घ्या आणि आम्हाला बोलवा. बांबू आम्ही घेऊन येतो.