कुसुमताईच्या कुंड्या

कुसुमताई गेल्याचं मला तिच्या पुतण्याने फोनवर सांगितलं. "मावशी, काकू गेली सकाळी..." आणि लगेच पुढे, "तिच्या फ्लॅटची एक किल्ली तुमच्याकडे असते ना? आज मिळेल?" मला त्याची किळस आली. महिना झाला तरी ती किळस गेलेली नाही, कारण ती सगळीच काही त्याची नाही.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरच्या फायलींबरोबर आम्ही भोपाळला आलो. क्वार्टर्स अजून पुरी बांधून व्हायची होती. कुसुमताईचे यजमान आमच्या ह्यांच्याच कार्यालयात, पण नोकरीत जुने, त्यांना टी. टी. नगरात गच्चीचं क्वार्टर लगेच मिळालं. आम्ही तीन कुटुंबांत एक मोरी असलेल्या घरात. त्या मोरीच्या तोंडाशी सदा कुणाचे तरी केस आणि भाताची शितं अडकलेली. मी तिथून पळून तिच्या गच्चीवर जायची. नागपूरहून तिने रुमालाच्या गाठीत नॅस्टर्शियमचं बी आणलं होतं, वाटाण्याएवढं, सुरकुतलेलं. "खत घालायचं नाही हं," ती सांगायची, "लाड केले की नुसती पानं माजतात." थंडीत केशरी-पिवळी फुलं कठड्यावरून खाली लोंबायची. गोल पानं ती काकडीच्या कोशिंबिरीत चिरून घाले. मोहरीसारखी नाकात जायची.

दुसऱ्याच हिवाळ्यात तिचे यजमान काविळीने आठवड्यात गेले. अजून दहावं व्हायचं होतं, आणि आमचे हे त्या क्वार्टरसाठीचा अर्ज लिहायला बसले. "मी नाही केला तर दुसरा कुणी करेल," ते म्हणाले. "शोभतं का हे?" असं मी विचारलं नाही. मला ती मोरी आठवली, आणि शाईची दौत मीच पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिला भेटायला गेलो. हे खाली मान घालून बसले, पण नजर भिंतींवरून फिरत होती. मी गच्चीवर गेले. कुंड्यांना पाणी नव्हतं, देठादेठावर काळा मावा चढला होता. एक देठ धरला तर ती चिकट, वळवळती रास बोटांत चिरडली. शिसारी येऊन मी हात पदराला पुसला... आणि पुसता पुसताच मनात आलं, इथे पापड छान वाळतील. त्या विचाराइतकं घाणेरडं मी आयुष्यात काही शिवलेलं नाही.

क्वार्टर आम्हालाच मिळालं. कुसुमताई जुन्या शहरात एका खोलीत राहायला गेली, शाळेत शिकवू लागली. कुंड्या तिथेच राहिल्या. तिसऱ्या रविवारी ती रिठ्याचं पाणी घेऊन दारात उभी! गच्चीवर मांडी घालून तिने एकेक देठ उघड्या बोटांनी पुसला. मी लांब उभी होते. "ये इकडे," ती म्हणाली, "हात घाण झाल्याशिवाय हा जात नाही." मग ती दर रविवारी येत राहिली. आम्ही घरं बदलली तशा कुंड्याही हलल्या. साठ वर्षं गेली. अर्जाचा विषय कधी निघाला नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती आली तेव्हा मला राहवलं नाही. "ताई, तो अर्ज दहाव्याच्या आधीचा होता. दौत मी दिली होती."

"दौतीचं नव्हतं माहीत," ती म्हणाली. "अर्ज मला कार्यालयातल्या साहेबांनी तेव्हाच दाखवला होता."

"मग तू येत कशी राहिलीस?"

"तुझं तोंड बघायला येत नव्हते, सुधा. पहिली दोन-तीन वर्षं तर तुझ्याकडचं पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही. झाडांसाठी यायचे. मग सवय झाली... चहा टाक."

माफ केलंस का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. चहा टाकला.

अजूनही रविवारी माझ्या हातून दोन कप चहा होतो. तिचा कप समोर गार होतो, त्यावर साय धरते. गार चहाच्या सायीने मला लहानपणापासून मळमळतं. तरी तो मी मोरीत ओतत नाही, पिऊन टाकते.