पिंजाऱ्याच्या खोलीतले गुरुवार

इस्माईलचाचा गेल्याचं मला साताऱ्याच्या मोटार अड्ड्यावर कळलं. उंब्रजहून आलेल्या गाडीतून गावातला एकजण उतरला आणि म्हणाला, "तुमचा त्यो येड्यांचा डाक्टर गेला बगा सकाळी." मी उत्तर दिलं नाही. त्याच गाडीनं परत गावी गेलो, चाचांना खांदा दिला. त्या माणसाला द्यायचं राहिलेलं उत्तर आज लिहितो आहे.

चाचा डॉक्टर नव्हते, पिंजारी होते. लढाईत फौजेच्या इस्पितळात जखमींची उठबस करायला गेले आणि परत येऊन पुन्हा गाद्या भरू लागले. मी ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलो तेव्हा दिसायला धडधाकट होतो. पण कुणाच्या विहिरीत सुरुंग उडाला की असेन तिथं पालथा पडायचो, दोन्ही हात डोक्यावर. माणसं हसायची. आईनं देवऋष्याकडं नेलं. त्यानं बाधा काढायची म्हणून निरगुडीच्या फोकानं झोडपलं... ते वळ अंगावर असतानाच चाचा घरी आले. आईला म्हणाले, "वैनी, ह्याला भूत लागल्यालं न्हाई. ह्यानं लय बगितलंय. गुरुवारी माज्याकडं धाडा."

त्यांच्या पिंजायच्या खोलीत आधीच दोघं होती. मारुती जपान्यांच्या कैदेतून सुटून आलेला, बोलणंच टाकलेला. आणि शेवंताक्का. बेचाळीसच्या चळवळीत तिचा नवरा भूमिगत झाला, त्याचा ठावठिकाणा काढायला पोलिसांनी तिला तीन दिवस चावडीत डांबलं होतं. तेव्हापासून बुटांचा आवाज आला की ती थरथरायची. लढाईनं हादरलेल्या शिपायांना गोल बसवून बोलतं करणारा एक डॉक्टर चाचांनी इस्पितळात पाहिला होता. तेच त्यांनी इथं सुरू केलं. हातात कापूस असायचा, त्यातली सरकी निवडत बसायचं, आणि वाटलं तर बोलायचं. "शानपन कुनी शिकवायचं न्हाई," एवढाच दंडक. दोन महिने मुका बसलेला मारुती एका दुपारी म्हणाला, "तहान लागती... पन पानी बगितलं की भ्या वाटतं." शेवंताक्कानं नुसती मान हलवली. तो त्या दिवशी दोन तांबे पाणी प्यायला.

गावाला हे खुपलं. बाईमाणसानं परक्या पुरुषांत बसून रडायचं म्हणजे काय? पाटील स्वतः सांगायला आले, बैठक बंद करा. चाचांनी हातातला कापूस खाली ठेवला. "पाटील, हिला चावडीत डांबली तवा तुमी कुटं हुता?" पाटील आल्या पावली गेले.

पुढं पाटलांच्याच पोराच्या वरातीत, भर पेठेत गरनाळांचे बार उडाले. मी कडक इस्त्रीच्या सदऱ्यासकट मातीत पडलो. हशा उसळला. तेवढ्यात शेजारी कुणीतरी आडवं झाल्याचं जाणवलं. नवा पांढरा कुडता घातलेले चाचा! मागोमाग मारुतीही आडवा पडला. शेवंताक्का आमच्या उशाशी उभी राहिली आणि गर्दीवर ओरडली, "हसा की! लढून आल्याली मानसं हायती ही, नीट बगून घ्या!" वाजंत्री थांबली. चाचांनी माझ्या कानाशी विचारलं, "संपलं का रं?"

"न्हाई अजून."

"मग ऱ्हाऊ पडून. आपल्याला काय घाई हाय?"

मी बरा झालो असं म्हणणार नाही. सुरुंग उडाला की आजही असेन तिथं पालथा पडतो. पण त्या दिवसानंतर मातीतून उठताना मान खाली घातली नाही.

चाचा गेल्यानंतरच्या गुरुवारी आम्ही त्यांच्या खोलीत जमलो. त्यांची जागा तशीच मोकळी ठेवली. कापूस हातात घेऊन सरकी निवडू लागलो... मग इतकी वर्षं जे चाचांनाही सांगितलं नव्हतं, ते मी सांगितलं. जंगलात ज्याला जिवंत सोडून मी पळालो, त्या माझ्या दोस्ताचं नाव घेतलं. बसाप्पा. मोठ्यानं घेतलं, आणि रडलो. रस्त्यावरची माणसं थबकून आत बघू लागली.

"दार लोटू का?" मारुतीनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे उगडं," शेवंताक्का म्हणाली. "ऐकू दे त्यास्नी."