चाचांचा ‘बराबर’

या सदरात येणारे अनुभव मी दर महिन्याला चहाचा कप हातात घेऊन वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. पांढरी साडी, उलटे पाय... अहो, माझा सगळा जन्म मोजणीत गेला. जे साखळीत मावत नाही आणि लेव्हलच्या दुर्बिणीतून दिसत नाही, ते माझ्या लेखी नाहीच. आजही माझं मत तेच आहे. फक्त एका दुपारचं काय करायचं हे मला आजवर कळलेलं नाही, म्हणून ती तुमच्यापुढे ठेवतो. हसायचं तर हसा.

गोष्ट निजामी अमलातली, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची. हिंगोलीकडून कळमनुरीवरून आखाडा बाळापूरकडे जाताना, बाळापूरच्या अलीकडे डाव्या हाताला एक सपाट माळ होता. तिथं विमान उतरायची कच्ची पट्टी होती. गावकरी विमानाला ‘इमान’ म्हणत, त्यामुळे ते झालं ‘इमानाचं मैदान’. लढाईमुळे आता जड विमानं यायची होती आणि त्यांना पट्टी अपुरी पडत होती. ती वाढवायची कुठल्या बाजूला, हे ठरवायला मला पाठवलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नवा कोरा ओव्हरसियर, डोक्यावर खाकी टोपी आणि त्या टोपीत मावणार नाही एवढी अक्कल!

वाऱ्याची दिशा बघता पट्टी पूर्व-पश्चिमच हवी होती. पूर्वेला नाला होता, म्हणजे भराव आला, पूल आला. पश्चिमेला नुसती काळी रानं. मी कागदावर पश्चिमेकडे रेघ ओढली आणि मोकळा झालो.

साखळी धरायला दोन माणसं होती. पुढचं टोक ओढायला नामदेव आणि मागचं टोक धरायला हिंगोलीचे रहीमचाचा. चाचांची दाढी पांढरी झालेली, पण आवाज खणखणीत. आमच्या कामाची रीत अशी, की मागच्यानं आपली कडी खुंटीला नीट लावायची आणि ओरडायचं, ‘बराबर!’ ते ऐकलं की पुढचा आपल्या टोकाशी खुणेची सळई रोवणार. त्याशिवाय नाही. चाचा तो शब्द लांबवून म्हणायचे. बराऽऽ... आणि मग एकदम तोडून, बर! अर्धा मैल लांबून ऐकलं तरी कळायचं, चाचाच.

पश्चिमेच्या रानांत एक रान कौसाबाईचं होतं. तिशीच्या आतली बाई. मोजणी तिच्या बांधापाशी आली तशी ती पुढे आली.

“साहेब, रान घ्या. सरकारपुढं आमी काय बोलावं? पर ह्या बोरीखाली माझी यमुनी हाय.”

यमुनी म्हणजे तिची दीड वर्षाची पोर. आदल्या साली गोवरानं गेलेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बोरीच्या झुडपाखाली एक दगड ठेवलेला होता, तेवढीच खूण.

“रोलर कवा फिरणार ते एक दिवस आधी सांगा. मी तिला उचलून माहेरच्या रानात नेते. लेकराच्या अंगावर इमान उतरल हो...”

तिच्या पदराच्या गाठीत चांदीचा एक वाळा होता. पोरीच्या एका पायातला निघाला, दुसरा निघालाच नाही, तसाच पुरला होता.

मी “सांगतो” म्हटलं. चाचा मात्र तिच्यापाशी उकिडवे बसले. म्हणाले, “बेटी, फिकर नको करू. मी हाय ना इथं. तुझं सगळं बराबर होईल.” त्यानंतर ते साखळी त्या दगडावरून कधी ओढत नसत. उचलून पलीकडे नेत.

आणि पंधरा दिवसांत चाचा तापानं पडले. त्यांना बैलगाडीत घालून हिंगोलीला नेलं. आठव्या दिवशी निरोप आला, चाचा गेले. माझ्या मागे कामाची घाई होती, मी मातीलासुद्धा गेलो नाही. याची लाज आजही वाटते.

त्याच आठवड्यात मला नकाशे घेऊन परभणीला बोलावलं. लॉरी सुटता सुटता मला कौसाबाईची आठवण झाली, तेवढं मात्र खरं. मी लॉरीच्या फळीवरून सपाटीच्या गड्यांच्या मुकादमाला ओरडून सांगितलं, “अहो, त्या कौसाबाईचं बराबर करा बरं का!” त्यानं मान डोलावली. मला म्हणायचं होतं, तिचं काम नीट मार्गी लावा.

चौथ्या दिवशी परतलो तर पश्चिमेला बोर नाही, बांध नाही, दगड नाही. सगळं तळहातासारखं सपाट. कौसाबाई तेवढे दिवस माहेरी गेली होती, यमुनीसाठी जागा बघायला.

मुकादम हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमीच म्हनले ना, कौसाबाईचं बराबर करा? सगळ्यात आधी तिचंच रान बराबर केलं.”

त्याची काय चूक? सपाटीकरणाच्या कामावर ‘बराबर’चा ‘सपाट’ याशिवाय दुसरा अर्थ काय होणार? इमानाच्या मैदानावर बेइमान ठरलो तो मीच.

कौसाबाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “तुमच्या वहीत समदं लिवलेलं असतंय म्हनत्यात. माझी यमुनी कुठं हाय तेवढं बघून सांगा.”

मी वही उघडली. वहीत विहीर होती, बांधाचे दगड होते, लिंबाचं झाड होतं. बोरीच्या झुडपाची नोंद कोण करतो? मी केली नव्हती.

मग अंदाजानं मोजायला लागलो. विहिरीपासून माप घे, खड्डा खण. लिंबापासून माप घे, खड्डा खण. दोन दिवस गेले, काही हाती लागलं नाही. मुकादम चुळबुळ करू लागला, कारण चौथ्या दिवशी सकाळी तिथं मुरूम पडायचा होता. एकदा मुरूम पडून रोलर फिरला की संपलं. कौसाबाई प्रत्येक खड्ड्यात डोकावायची आणि परत लिंबाखाली जाऊन बसायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, टळटळीत उन्हात, आम्ही साखळी नवीन रेघेवर नेत होतो. मोजणी सुरूसुद्धा झाली नव्हती. नामदेव पुढचं टोक घेऊन नुसता चालला होता. मागे चाचांच्या जागी आलेला किसन कडी हातात घेऊन रमतगमत येत होता. आणि आवाज आला...

“बराऽऽ... बर!”

नामदेवचा हात सवयीनं खाली गेला. सळई रोवली गेली.

मागून किसन घाबराघुबरा ओरडला, “मी न्हाई वरडलो! मी खुंटीपाशी अजून पोचलोच न्हाई!”

नामदेव माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

कौसाबाई मात्र उठली, तडक सळईपाशी आली आणि हातांनी माती उकरायला लागली. मग नामदेवनं हळूहळू कुदळ लावली. दीड हातावर काळ्या मातीत काहीतरी चमकलं. वाळा! तिनं पदराची गाठ सोडून दुसरा त्याच्या शेजारी ठेवला. जोड जुळली. मग ती रडली. दोन दिवस धरून ठेवलेलं सगळं रडली, आणि आम्ही तिघं गडी पाठ फिरवून उभे राहिलो, कारण आम्हालाही आवरत नव्हतं.

यमुनीला लुगड्याच्या धडप्यात बांधून, लेकराला घेतात तसं खांद्याशी धरून ती निघाली. चार पावलं गेली आणि वळली.

“चाचा कुठं हायत? दिसून नाही राहिले ते?”

तिला चाचा गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

“आवाज तर त्याहिचाच आला. त्याहिला सांगा, सापडली म्हनावं माझी यमुनी.”

मला खरं सांगवेना. मी म्हटलं, “सांगतो.” याआधी याच बाईला मी असंच एकदा ‘सांगतो’ म्हटलं होतं.

पुष्कळ विचार केला. ऊन लागलं असेल, मनातला आवाज कानात आला असेल... पण मग चौघांच्या कानात? आणि सळई नेमकी तिथंच? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे पुन्हा सांगतो.

तरीही त्या शुक्रवारी मी हिंगोलीला गेलो. कबरस्तानात चाचांच्या मुलानं कबर दाखवली, अजून ओल्या मातीचीच होती. मी टोपी काढली. “चाचा, सापडली,” एवढं म्हणून झालं, पण पाय निघेना. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. शेवटी मागच्या टोकाला उभं राहून ते जसं म्हणायचे तसंच, जमेल तेवढं लांबवून, मी तो एक शब्द म्हटला. ‘बराऽऽ’पर्यंत आलो, पुढचं ‘बर’ मला नीट म्हणता आलं नाही.